ड्रायर फिरत नाही? मोटर बदलण्याआधी हे तपासा

जून लागला की सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या ड्रायरची किंमत कळते. घरातल्या दोरीवर दोन दिवस टांगली तरी जीन्सची शिवण ओलीच राहते आणि कपड्यांना कुबट वास सुटतो. नेमका त्याच दिवसांत ड्रायर रुसतो आणि बघायला आलेला माणूस सांगतो, "मोटर गेली." आमच्याकडेही हेच सांगितलं होतं. मागचं कव्हर उघडलं तर मोटर ठणठणीत होती, फक्त ब्रेकची वायर सैल पडली होती. तेव्हापासून कुणीही विचारलं की मी एकच सांगतो: मोटरवर सगळ्यात शेवटी या.

हे सगळं दोन टबांच्या मशीनबद्दल आहे. त्यात धुण्याची मोटर वेगळी आणि ड्रायरची वेगळी असते. म्हणून आधी धुण्याची बाजू चालते का बघा. तीही बंद असेल तर दोष बहुधा प्लग, सॉकेट किंवा मुख्य वायरमध्ये आहे.

आता ड्रायरचा टब रिकामा करा, झाकण नीट लावा, टायमर फिरवा आणि कान द्या. "घूं" असा आवाज येतो पण टब हलत नाही, म्हणजे मोटरला वीज मिळते आहे. मग ब्रेक, कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) किंवा अडकलेलं काहीतरी, यांच्यावर संशय घ्यायचा. ही चाचणी चार-पाच सेकंदांत थांबवा. अडलेली मोटर झपाट्याने तापते आणि चांगलं वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली गुंडाळलेली तार, खरोखर जळू शकतं. आवाजच येत नसेल तर झाकणाचा स्विच, टायमर किंवा तुटलेली वायर.

उघडण्याआधी प्लग सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पाणी पूर्ण सोडून द्या, मशीन भिंतीपासून पुढे ओढा आणि मागच्या कव्हरचे स्क्रू काढा. काहीही हलवण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो घ्या, जोडताना वायरींचे रंग त्यावरूनच कळतात. बाल्कनीत किंवा मोरीत ठेवलेल्या मशीनमध्ये उंदरांनी वायर कुरतडलेली असणं अगदी नेहमीचं आहे, तेही बघून घ्या.

सगळ्यात आधी ब्रेक. ड्रायरच्या मोटरच्या दांड्यावर एक गोल चकती असते, तो ब्रेक ड्रम. त्याच्या कडेला टेकणारा रबरी तुकडा म्हणजे ब्रेक शू. झाकण लावलं की वायर ताणली जाते आणि शू ड्रमपासून सुटतो. झाकण उघडलं की स्प्रिंग त्याला पुन्हा ड्रमवर दाबते. वापरता वापरता वायर सैल होते किंवा गंजते, मग झाकण लावूनही शू सुटत नाही आणि मोटर ब्रेकशी झुंजत राहते.

प्लग काढलेलाच असताना झाकण लावा आणि मागून ड्रम हाताने फिरवा. सहज फिरला तर ब्रेक ठीक. घासला, तर वायर जिथे अडकवली आहे तिथे ती एखादी खाच ताणून घ्या. वायर तुटली असेल तर नवी घाला, स्पेअर पार्टच्या दुकानात सहज मिळते. शू झिजून गुळगुळीत झाला असेल तर तोही बदला. काही जण शू कायमचा मागे बांधून टाकतात. असं करू नका. टब मिनिटाला हजारावर फेरे घेतो, आणि ब्रेक नसलेल्या ड्रायरमध्ये लहान मुलाने हात घातला तर काय होईल, ते सांगायला नको.

झाकण लावूनही ड्रम जड फिरत असेल आणि शू सुटलेला दिसत असेल, तर आतल्या-बाहेरच्या टबांमध्ये पायमोजा किंवा रुमाल गेला असणार. खालच्या कपलिंगचा (टब आणि मोटरचा दांडा जोडणाऱ्या भागाचा) बोल्ट कुठे बसला आहे तिथे मार्करने खूण करा, पान्याने तो सैल करा आणि आतला टब सरळ वर उचला. याच वेळी टबाखालचं रबरी सील बघा. ते फाटलं की पाणी थेट मोटरवर ठिबकतं आणि बेअरिंग गंजतं, म्हणून फाटकं सील लगेच बदला.

ड्रम मोकळा आहे, तरीही नुसतं "घूं"? मग कपॅसिटर, ज्याला मेकॅनिक बहुधा कंडेन्सर म्हणतात. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते. होल्डरमधल्या जुन्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना काही क्षण लावल्या की ती उतरते. मग टोकं सोडवून मल्टीमीटरने मोजा. त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरड आकड्यापेक्षा माप बरंच कमी आलं तर तो गेला. नवा घेताना मायक्रोफॅरड तोच हवा. व्होल्ट तेवढेच किंवा जास्त चालतील, कमी नकोत.

आवाजच नसलेल्या ड्रायरसाठी मल्टीमीटर बीपवर ठेवा, म्हणजे दोन टोकांमधली वाट सलग असली की तो वाजतो. झाकणाच्या स्विचवर झाकण लावलं की बीप, उघडलं की शांत. टायमर फिरवल्यावर त्याच्या टोकांवरही बीप हवा. दोन्ही ठीक असतील तरच मोटरकडे वळा. तिच्या तीन वायरी सोडवून दोन-दोन करून रोध मोजा. सगळ्यात मोठा आकडा उरलेल्या दोघांच्या बेरजेएवढा असतो. एखादी जोडी काहीच दाखवत नसेल तर वाइंडिंग तुटलं आहे. आणि कुठल्याही वायरीचा मोटरच्या धातूच्या अंगाशी बीप आला, तर मशीन चालवू नका. ते काम जाणकाराकडेच द्या.

कव्हर लावून झालं की पहिली फेरी रिकाम्या टबाने घ्या. टब वेगात आल्यावर झाकण उघडा. दहा-पंधरा सेकंदांत तो थांबला नाही, तर ब्रेकची वायर जास्त ताणली गेली आहे. प्लग काढून ती एक खाच सैल करा.