ऑनलाइन समुपदेशन सुरू करताना

सगळ्यात आधी जागा बघा. दाराबाहेर कुणी ऐकत असेल अशी नुसती शंका आली तरी माणूस नेमकं तेच गाळतो, जे सांगायला तो आलेला असतो. दाराला आतून कडी हवी आणि कानात इअरफोन हवेत. दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ चालू ठेवला की तुमचं बोलणं त्यात बुडून जातं. घरात एकांत मिळतच नसेल तर उभ्या गाडीत बसा. तेही जमत नसेल तर अवघड भाग चॅटवर टाइप करायचा, असं समुपदेशकाशी आधीच ठरवून घ्या. व्हिडिओत स्वतःचा चेहरा दिसणारी चौकट बंद करा, नाहीतर अर्धं लक्ष स्वतःकडेच राहतं. फोन कटला तर कुणी कुणाला लावायचा हे ठरवा आणि त्या वेळी तुम्ही असाल तो पत्ता समुपदेशकाला सांगून ठेवा. आणीबाणीत मदत पाठवायची तर तो लागतो.

समुपदेशक निवडताना शिक्षण आणि नोंदणी विचारायला संकोच करू नका. कोणत्या पद्धतीने काम करतात आणि सत्र रेकॉर्ड होतं का, हेही विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे बघा. औषधं लागतील असं वाटत असेल तर मनोविकारतज्ज्ञच हवा, कारण तो डॉक्टर असतो. थकवा, धडधड, झोप उडणं यामागे थायरॉइड किंवा रक्तक्षयही असू शकतो, तेव्हा एकदा शारीरिक तपासणी उरकून घ्या.

पहिल्या सत्राआधी पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ या दोन प्रश्नावल्या भरा. दोन्हींत मागच्या २ आठवड्यांबद्दल विचारतात. पहिलीचे गुण ० ते २७ असतात आणि ती उदासी मोजते. दुसरीचे ० ते २१ असतात, ती चिंता मोजते. कुठेही १० किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी. गुण म्हणजे निदान नव्हे, पण पुढे फरक पडतोय का ते त्यावरून कळतं. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर सत्राच्या सुरुवातीलाच सांगा. मनात बेत ठरला असेल तर सत्राची वाट बघू नका: कुणाला तरी सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा.

आता मुख्य काम. ‘मला फार टेन्शन येतं’ एवढ्यावर समुपदेशकाच्या हाती काहीच लागत नाही. एकच प्रसंग घ्या: मंगळवारी मीटिंगमध्ये बोलायचं होतं, ‘त-त-प-प होईल’ असं मनात आलं, छाती धडधडली, बरं नाही म्हणून कळवलं, आणि लगेच हलकं वाटलं. खरी मेख त्या हलकं वाटण्यात आहे. टाळलं की सुटका होते, म्हणून पुढच्या वेळीही टाळावंसं वाटतं आणि भीती तशीच राहते. असे दोन-तीन प्रसंग फोनमध्ये टिपून ठेवले की पन्नास मिनिटांचं सत्र कारणी लागतं.

उदासीत गाडं अडतं ते ‘मन लागलं की करू’ या विचारापाशी. मन आधी लागत नाही, थोडं काही केल्यावर लागतं. ‘रोज व्यायाम करेन’ हा संकल्प बुधवारपर्यंत मोडतो. ‘सकाळी ७ वाजता चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत’ हे टिकतं. आधी आणि नंतर मनःस्थितीला १० पैकी गुण द्या, आणि तो कागद सत्रात दाखवा.

नोकरी जाणं, घटस्फोट, निवृत्ती, घर बदलणं यानंतरची घालमेल म्हणजे दर वेळी आजारच असतो असं नाही. समायोजनाचा, म्हणजे बदलाशी जुळवून घेतानाचा, त्रास सहसा बदलानंतर ३ महिन्यांत सुरू होतो आणि ताणाचं कारण सरल्यावर ६ महिन्यांत ओसरतो. इथे थोडी सत्रं पुरतात. मात्र ‘नोकरी सोडू का?’ याचं उत्तर समुपदेशक देणार नाही, आणि देऊ लागला तर सावध व्हा.

तीन-चार सत्रांनंतरही सूर जुळत नसेल तर गुपचूप गायब न होता तसं बोलून दाखवा. बऱ्याचदा पद्धत बदलून काम मार्गी लागतं. विचार-वर्तन पद्धतीत (सीबीटी, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलण्याचं काम) साधारण ६ ते २० सत्रं धरून चालावं. बरं वाटू लागल्यावर एकदम थांबू नका, आधी पंधरवड्याला, मग महिन्याला या. औषधं चालू असतील तर ती डॉक्टरांना विचारूनच कमी करा.