मिरगाआधी डिटेक्टर जोडून घ्या

कोल्हापुरात गॅमा किरण मोजणारा सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर जोडायचा असेल तर काम मे महिन्यातच उरका. पाऊस धरला की कपाटातल्या वह्यासुद्धा ओलसर लागतात, आणि डिटेक्टरमधला हा क्रिस्टल (स्फटिक) मिठाहूनही अधाशीपणे पाणी ओढतो. म्हणून तर तो ॲल्युमिनियमच्या सीलबंद डबीत, एका बाजूला काच लावून येतो.

आधी त्या काचेतून टॉर्च मारून बघा. आतलं सगळं नितळ हवं. पिवळसर झाक किंवा दुधी डाग दिसला तर सील गेलंय; पुढचं काही करू नका, कितीही ग्रीस लावलं तरी ते भरून येत नाही. एसीच्या खोलीतून काढून थेट उन्हात नेऊ नका. तापमान तासाला 8–10 अंशांपेक्षा जास्त बदललं तर क्रिस्टल तडकू शकतो.

गॅमा किरण पडला की क्रिस्टल चमकतो; ती चमक विजेच्या स्पंदात बदलते ती फोटोमल्टिप्लायर ट्यूब. तिची बाहेरची नळी उद्यमनगरात लेथवर करून मिळते. आतला व्यास ट्यूबभोवतीच्या म्यू-मेटलच्या (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूच्या) कवचापेक्षा मिलिमीटरभर सैल सांगा, आतून मॅट काळा रंग द्या, आणि आणल्यावर कूलंट नीट धुऊन काढा. कवच मात्र कारागिराच्या हाती देऊ नका. भोक मारलं किंवा ठोकलं की त्याची चुंबकीय आड करण्याची ताकद जाते, आणि वरून बघून ते कळतही नाही.

जोडणी मंद उजेडात करा. क्रिस्टलची आणि ट्यूबची, दोन्ही काचा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मधोमध चण्याएवढं सिलिकॉन ग्रीस ठेवा. दाबत, किंचित फिरवत बुडबुडे कडेला घालवा. काचेचा अपवर्तनांक 1.5 च्या आसपास, ग्रीसचा 1.46, हवेचा 1. बुडबुडा राहिला तर तिथला बराचसा प्रकाश मागे फिरतो आणि पीक (ऊर्जेच्या आलेखातला शिखरासारखा उंचवटा) पसरतं. क्रिस्टलचा प्रकाश 415 नॅनोमीटरला, निळसर जांभळा. तो थॅलियममुळे मिळतो. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी 1948 मध्ये चिमूटभर थॅलियम घातलं, तेव्हापासून कृती तीच आहे. त्याआधी, 1903 मध्ये, शास्त्रज्ञ विल्यम क्रूक्स झिंक सल्फाइडच्या पडद्यावर किरणांनी चमकणारे ठिपके भिंगातून डोळ्यांनी बघत होते.

सांध्यावर काळ्या टेपचे दोन थर द्या आणि सगळं रात्रभर अंधारात ठेवा. ट्यूबलाइटचा उजेड खाल्लेली ट्यूब कितीतरी तास खोटे काउंट (मोजलेले स्पंद) देत राहते. व्होल्टेज चालू असताना उजेड शिरला तर मात्र फोटोकॅथोडच (ट्यूबचा प्रकाश झेलणारा थर) जातो, त्यामुळे सकाळी आधी कमी व्होल्टेजवर टॉर्च सगळीकडून फिरवून बघा. काउंट वाढले तर लगेच बंद करा आणि टेप पुन्हा लावा. मग 50-50 व्होल्टने चढवा, अर्धा तास तापू द्या. सिग्नल दहा टप्प्यांत वाढवणाऱ्या ट्यूबला व्होल्टेज 1 टक्का हललं की पीक साधारण 7 टक्के सरकतं. इथे लाईट जाते-येते, तेव्हा ऑनलाइन यूपीएस हवाच.

तपासणीसाठीच्या सीझियम-137 या किरणोत्सारी स्रोताचं पीक 662 केईव्हीला (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, गॅमाच्या ऊर्जेचं माप) येतं. दोन इंची क्रिस्टलला त्याची अर्ध्या उंचीवरची रुंदी ऊर्जेच्या 7–8 टक्के असावी. दहाच्या वर गेली तर आधी ग्रीस तपासा, मग व्होल्टेज, आणि क्रिस्टलला दोष सगळ्यात शेवटी द्या.

ऊर्जेच्या पट्टीचं वरचं टोक जुळवायला वेगळा स्रोत मागवायची गरज नाही, उसाला टाकायचा पोटॅश पुरतो. किलोभर पोटॅशमधल्या पोटॅशियम-40 मधून सेकंदाला सोळाशेच्या आसपास 1461 केईव्हीचे गॅमा निघतात. पिशवी दुहेरी घ्या, कारण ओला पोटॅश ॲल्युमिनियमची डबी खातो. भिंतीतही पोटॅशियम असतंच, म्हणून तितकाच वेळ, किमान अर्धा तास, पिशवीशिवाय मोजून तो आकडा वजा करा.

काम झालं की सगळं सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. दाण्यांचा रंग पालटला की 120 अंशांना दोन-तीन तास भाजा. जुलैत हे दर आठवड्याला करावं लागेल.