अलका चौकातून जायचंय? मग आधी नावं पाठ करा

पुण्यात कुणालाही "टिळक चौक कुठंय हो?" विचारून बघा. समोरचा दोन सेकंद गप्प होतो आणि मग म्हणतो, "अलका म्हणताय का?" हाच तो. कागदावर लोकमान्य टिळक चौक, तोंडी अलका टॉकीज चौक किंवा नुसतं अलका. रिक्षावाल्याला अलका सांगा, पण वाहतूक पोलिसांचं पत्रक वाचताना टिळक चौक शोधा. इथलं निम्मं चलान याच घोळात फाटतं असं माझं मत आहे, कारण मी स्वतः तसाच फसलोय.

नवीन होतो, पेपरात वाचलं की संभाजी पुलावर दुचाकींना मनाई आहे, म्हटलं असेल कुठला तरी पूल, आपला रस्ता तर लकडी पुलावरून आहे, आणि आरामात गाडी घातली. पुलाच्या तोंडाशीच ट्रॅफिकच्या मामांनी हात केला. "बोर्ड दिसत नाही का?" दिसला होता की, पण त्यावर संभाजी पूल होतं आणि मी होतो लकडी पुलावर! मामा हसले पण नाहीत, रोजचंच असणार त्यांना.

तर पहिलं काम, जोड्या लावायच्या. लकडी पूल म्हणजे संभाजी पूल. पूल ओलांडला की डेक्कन कॉर्नर, म्हणजे पत्रकातला खंडोजीबाबा चौक, तिथल्या खंडोजीबाबाच्या देवळावरून. उलट्या बाजूला टिळक रस्त्याने सरळ गेलात की स्वारगेट, पण पत्रकात लिहिणार जेधे चौक. युनिव्हर्सिटी चौक शोधत असाल तर आचार्य आनंदऋषीजी चौक वाचा. या चार-पाच जोड्या डोक्यात बसल्या की अर्धी पत्रकं आपोआप कळायला लागतात.

आता लकडी पुलात लाकूड कुठंय असं विचारू नका, नाहीये. पहिला पूल लाकडी होता म्हणून नाव चिकटलं. १७६१ मध्ये पानिपतनंतर नानासाहेब पेशव्यांनी तो घाईने बांधून घेतला, हरून आलेल्या सैन्याला नेहमीच्या वाटेने मान खाली घालून गावात शिरावं लागू नये म्हणून, अशी गोष्ट पुण्यात सांगतात. पुढे दगडी पूल झाला, १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पाण्याखालीही गेला, संभाजी महाराजांचं नाव लागलं, तरी लोकांच्या तोंडी लकडी तो लकडीच. अलकाचंही तसंच, टिळकांचं नाव रस्त्याला टिकलं पण चौक मात्र थेटराने पळवला. लक्ष्मी रस्त्यावर विजय टॉकीज चौक आहेच की, थेटर दिसलं की पुणेकर चौकाचं बारसं उरकून टाकतो.

दुसरं काम, रस्ते ओळखा. लक्ष्मी, केळकर, कुमठेकर, टिळक असे चार रस्ते या बाजूला येऊन मिळतात, शिवाय शास्त्री रस्ता आणि समोर पूल. लक्ष्मी रस्ता एकेरी आहे, गावातून अलकाकडे, म्हणजे अलकातून त्यात गाडी घालायची नाही, कितीही रिकामा दिसला तरी. पेठांमधल्या बाकी रस्त्यांवर बाण बघूनच वळा. आणि आत शिरल्यावर दिशा हरवली तर एवढं धरून ठेवा, बाजीराव रस्ता शनिवारवाड्याकडे जातो आणि शिवाजी रस्ता तिकडून स्वारगेटकडे, दोघांची जोडी आहे.

दुचाकी असेल तर लकडी पुलाचा मोह सोडा. वर्षानुवर्षं ही बंदी आहे, मधेच कुठल्या कामासाठी सवलत देतात आणि परत काढतात, म्हणून मित्राचं ऐकण्यापेक्षा त्या दिवशीचा बोर्ड खरा. डेक्कनला जायला नारायण पेठेतून झेड ब्रिज, तो दुचाकींसाठीच आहे. नाहीतर खालून भिडे पूल, फक्त पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलंय का ते बघून, कारण तो नदीपात्रालगत आहे आणि पहिला तोच बुडतो. २०२५ मध्ये मेट्रोच्या कामासाठी हाच पूल बंद ठेवला होता तेव्हा लोकांचे जे हाल झाले ते विचारू नका. शास्त्री रस्त्यावर असाल तर मागे फिरू नका, गांजवे चौकातून एस. एम. जोशी पूल धरा, नाहीतर पुढे सेनादत्त चौकीवरून म्हात्रे पूल.

पत्रक वाचायची पण एक पद्धत आहे. सुरुवातीला मोटार वाहन कायद्याची कलमं असतात, ११५, ११६, ११७, ती सोडून द्या. बघायचं ते "तात्पुरत्या स्वरूपात" किंवा "प्रायोगिक तत्त्वावर" लिहिलंय का, कारण तसं असेल तर सहसा हरकती-सूचना पाठवायची मुदत पण दिलेली असते आणि खरंच त्रास होत असेल तर पाठवा, कट्ट्यावर बडबडून काही होत नाही. मग "कुठून कुठपर्यंत" आणि मग "पर्यायी मार्ग". अत्यावश्यक सेवेतील वाहने वगळून असं असतंच, त्यात तुमचा ऑफिसला उशीर येत नाही 😄

पार्किंगला पी १, पी २ चे बोर्ड बघा. पी १ ला विषम तारखेला गाडी लावायची, पी २ ला सम तारखेला. रात्री लावून झोपलात तर सकाळी तारीख बदललेली असते, हे लक्षात ठेवा, टोइंगवाले ठेवतातच. चलान आलंय का ते महाट्रॅफिक अ‍ॅपवर दिसतं.

राहिली अनंत चतुर्दशी. त्या दिवशी गाडीचा विषयच काढू नका. मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून मिरवणूक निघते, मानाचे पाच गणपती पुढे, कसबा सगळ्यात पहिला, आणि चारही रस्त्यांवरची मंडळं शेवटी या एकाच चौकात येऊन थांबतात, म्हणून तर मिरवणूक २४ तासांच्या वर जाते. लकडी पुलावरून आता मेट्रोचा मार्ग जातो, २०२१ मध्ये त्याच्या उंचीवरून मंडळांनी बराच वाद घातला होता, आता उंच देखाव्यांना तेवढं माप सांभाळावं लागतं. बघायला यायचं असेल तर मेट्रोने डेक्कनला उतरा, पूल चालत ओलांडा, आणि चौकात घुसण्याआधी सोबतच्यांशी भेटायची जागा ठरवून घ्या. फक्त "टिळक चौकात भेटू" म्हणू नका, एक जण टिळक पुतळ्याशी जाऊन उभा राहील आणि त्या ढोलांच्या आवाजात त्याचा फोन काही लागणार नाही.