कान शाबूत ठेवून नॉइझ रॅपचा शो बघायचा तर

मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा ठोकून पार्ट काढतात त्या खात्यात असतो. दिवसभर ठोकाठोक ऐकायची आणि सुट्टीच्या दिवशी पैसे मोजून पुन्हा गोंगाटच (नॉइझ रॅप म्हणजे कर्कश गोंगाटावर चढवलेला रॅप) ऐकायला जायचं, म्हणून घरचे कपाळाला हात लावतात. लावू देत. ज्यांना जायचंय त्यांनी पुढचं वाचा.

आधी घरी ऐकून जा. पोरं थेट डेथ ग्रिप्स या अमेरिकन ग्रुपपासून सुरुवात करतात आणि दोन गाण्यांत हेडफोन काढून ठेवतात. त्यापेक्षा न्यू जर्सीच्या डायलेक या ग्रुपपासून सुरू करा: बीट संथ, मागे आवाजाचा जाड थर, पण रॅप नीट कळतो. मग लॉस एंजेलिसचा क्लिपिंग हा ग्रुप. त्यांचा रॅपर डवीड डिग्ज हा २०१६ चा टोनी पुरस्कार मिळवलेला नट. या लोकांनी अलार्मच्या नुसत्या टीं-टींवर आख्खं गाणं उभं केलंय. ते पचलं की डेथ ग्रिप्स.

आता कान. ढोलपथकात वाजवलंय, मला काय होतंय, असं म्हणणारे नाशकात गल्लोगल्ली भेटतील. आमच्याकडे दरवर्षी कामगारांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी होते. आवाजाने कान जायला लागले की तिच्या आलेखातली रेघ बहुधा आधी ४००० हर्ट्झच्या, म्हणजे वरच्या पट्टीच्या आवाजाच्या आसपास खाली बसते. माणसाला पत्ताही नसतो, कारण बोलणं ऐकू येत असतं. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या संस्थेचा हिशोब असा: ८५ डेसिबल आठ तास चालतील, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! शो त्याहून कितीतरी लांबतो.

फोमचे इअरप्लग सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात किरकोळ किमतीत मिळतात. निम्मे लोक ते कानाच्या तोंडाशी नुसते चिकटवतात. त्याचा उपयोग शून्य. प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा येतो. फोम वरच्या पट्टीचे आवाज जास्त खातो, त्यामुळे सगळं थोडं बोदं लागतं. वरचेवर जाणार असाल तर फिल्टरवाले म्युझिक इअरप्लग घ्या.

उभं राहायचं साउंडवाल्याच्या टेबलापाशी. तो स्वतःच्या कानाने मिक्स लावतो, म्हणजे तिथेच ते सगळ्यात धड ऐकू येतं. कोपऱ्यात बेस साचतो. स्पीकरला खेटून उभं राहण्यात काही मर्दुमकी नाही.

सुरुवातीला सगळा कल्लाच वाटेल. प्रेस नवी असताना आम्हालाही तसंच वाटतं. मग मोटर वेगळी, क्लच वेगळा, डायचा ठोका वेगळा कळायला लागतो. तसाच एक थर धरा, शक्यतो ड्रम, आणि बाकीचं त्याच्यावर चढू द्या.

स्टेजच्या पुढ्यात धक्काबुक्की होतेच. बंद बूट घाला, चष्मा सांभाळा, कोणी पडला तर आधी उचला. फिट येणाऱ्यांनी लखलखत्या दिव्यांची चौकशी करूनच तिकीट काढावं. मोबाइलवर रेकॉर्डिंग करू नका, नुसतं फर्रफर्र येतं. तिकिटाच्या रिफंडच्या अटीही वाचा: २०१३ मध्ये शिकागोत डेथ ग्रिप्स आलेच नाहीत आणि चिडलेल्या लोकांनी स्टेजवरचा ड्रमसेट फोडला.

असले शो बहुतेक मुंबई-पुण्यालाच. मुंबईहून परतायला पंचवटी एक्स्प्रेस विसरा, ती संध्याकाळीच सुटते. रात्री उशिराच्या गाडीचं रिझर्वेशन तिकिटासोबतच करून ठेवा, नाहीतर कोणाकडे तरी मुक्काम ठरवा. दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत राहिली तर सरळ ईएनटीकडे जा आणि पुढचे काही दिवस हेडफोन कपाटात ठेवा.