पीएचडी करताय? आधी या चुका टाळा

प्रवेश नक्की झाला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘तीन वर्षांत होईल ना?’ यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022च्या नियमावलीत कोर्सवर्क (सुरुवातीचा अभ्यासक्रम) धरून तीन वर्षं ही किमान मुदत आहे, कमाल सहा. किमान आकडाच पाठ करणारे पुढे मुदतवाढीचा अर्ज घेऊन फिरताना दिसतात.

सर्वांत महाग पडणारी चूक तर त्याआधीच झालेली असते: नुसतं नाव बघून गाईड धरणं. सेवानिवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकाला नवीन विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे साडेतीन वर्षं उरलेले सर नियमात बसतात. तुमचा प्रबंध त्यांच्या नोकरीत बसेलच असं नाही. ओळखीतल्या एका मुलीने असेच नामवंत सर धरले. विषयही त्यांचाच. चौथ्या वर्षी सर निवृत्त होऊन सहमार्गदर्शक झाले आणि मार्गदर्शक म्हणून विभागातल्या मॅडम आल्या. मुलाखतींवर उभा केलेला अभ्यास मॅडमना पटेना, त्यांना सर्वेक्षण हवं. सर हटेनात. शेवटी दोन प्रकरणं तिने नव्याने लिहिली. चूक दोघांचीही नव्हती म्हणा, पण वर्ष गेलं ते तिचं. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, निवृत्तीची तारीख पहिल्या भेटीतच विचारा. संकोच वाटत असेल तर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठा. ते बरंच काही सांगतात.

दुसरी डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे प्लॅगरिझमची, म्हणजे दुसऱ्याचं लेखन उचललंय का याची, तपासणी शेवटच्या आठवड्यावर ढकलणं. 2018च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. 40च्या वर गेलात तर वर्षभर सुधारित प्रबंधही देता येत नाही, 60च्या वर नोंदणीच रद्द. मग शब्द फिरवायचा उद्योग सुरू होतो, ‘समाज’ जाऊन ‘जनसमुदाय’ येतो. सॉफ्टवेअर फसेलही, परीक्षक फसत नाही. मी वाचलेलं पुस्तक मिटून वहीत आपल्या शब्दांत लिहितो, संदर्भ पान क्रमांकासकट तिथेच टिपतो. वेळ लागतो. लागू दे.

बाकीचं थोडक्यात. कोर्सवर्कला किमान 55 टक्के लागतात, ते हलक्यात घेऊ नका. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला सादरीकरण असतं, तिथले शेरे लेखी ठेवा. शोधनिबंध छापण्याची यूजीसीची सक्ती 2022मध्ये गेली. आपल्या विद्यापीठाचा नियम तेवढा पाहा आणि पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलांच्या नादी लागू नका. नोकरी सांभाळून अर्धवेळ करणाऱ्यांनी ना-हरकत प्रमाणपत्र आधी हातात घ्यावं. ‘साहेब देतील’ हे प्रमाणपत्र नव्हे.