शाळेतल्या लसीची ‘सूट’ मागताना या चुका टाळा

शाळेत लसीचं पथक येणार असं कळलं की आदल्या दिवशी उपकेंद्रात गर्दी होते. लसीसाठी नाही, चिठ्ठीसाठी. "सिस्टर, पोराले सुई नोको, तेवढं लिहून द्या ना." लस घेतली नाही म्हणून लेकराला शाळेतून काढा, असा कायदा आपल्याकडे नाही. नको असेल तर सरळ नको म्हणा. मी समजावेन, थोडं भांडेनही. पण त्यासाठी आजार उसना आणू नका. खोटी ‘ॲलर्जी’ एकदा कागदावर आली की पुढे नागपूरला ऑपरेशनच्या वेळी तोच कागद सगळ्यांना घोर लावतो. आणि अशी चिठ्ठी माझ्यासारखी सिस्टर देत नाही. ती वैद्यकीय अधिकारी देतात, नाहीतर लेकराचा इलाज करणारे डॉक्टर.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, आहे म्हणून सूट. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे अशी लेकरं नाहीत अशी शाळा सापडणं कठीण. जंगलपट्ट्यातल्या एका आश्रमशाळेत पाचवी आणि दहावीच्या मुलांना टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) द्यायला गेलो होतो. अधीक्षकांनी सिकलसेलवाली सगळी मुलं आधीच वेगळी काढून व्हरांड्यात बसवलेली. त्यात नुसते वाहक, म्हणजे एकाच पालकाकडून सिकलसेलचा गुण आलेले, असेही होते. वाहकाला काही आजार नसतो हो! एका मुलीने दप्तरातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली चिठ्ठी काढली: ‘सिकलसेल असल्याने कोणतीही लस देऊ नये.’ खाली शिक्का, पण तारीख नाही, लसीचं नावही नाही. अधीक्षकांचं एकच पालुपद, "उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

आता हे नीट समजून घ्या. सिकलसेलच्या रुग्णात पानथरी (प्लीहा) लहानपणीच निकामी होत जाते, आणि न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकससारख्या जंतूंना अडवण्याचं मोठं काम तीच करते. म्हणजे या लेकराला लस इतरांपेक्षा जास्त गरजेची. नेहमीच्या लसी तर हव्यातच, शिवाय न्यूमोकॉकलचे जास्तीचे डोसही डॉक्टर सुचवतात. त्या दिवशी मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन लावून अधीक्षकांच्या कानाला दिला. दुपारपर्यंत व्हरांडा रिकामा झाला. जोराचा ताप असेल, अंग ठणकत असेल, दुखण्याचा झटका सुरू असेल तर त्या दिवशी थांबतो, बरं वाटलं की देतो. नुकतंच रक्त चढवलं असेल तर तेवढं मात्र सांगा, कारण त्यानंतर गोवर-रुबेलाची लस पुढे ढकलावी लागू शकते.

सर्दी, नाक गळणं, हलका ताप: सूट नाही. मागच्या डोसनंतर ताप आला, दंड सुजला: तीही नाही. अशक्त, कुपोषित लेकरू: त्याला तर आधी लस द्या, गोवर त्यालाच जास्त छळतो.

दुसरी माझी नावडती चूक म्हणजे ‘कायमची सूट’. एका पोराच्या अंगावर सूज होती, किडनीचा आजार, सेवाग्रामच्या दवाखान्यातून स्टिरॉइड सुरू झालेलं. जास्त मात्रेचं स्टिरॉइड दोन आठवडे किंवा त्याहून जास्त चालू असेल तर गोवर-रुबेलासारखी जिवंत जंतूंची लस थांबवतात, औषध बंद झाल्यावर साधारण महिनाभराने देता येते. डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) आणि टीडीमध्ये जिवंत जंतू नसतात, त्यांचा यात अडथळा नाही. पण शाळेने रजिस्टरमध्ये ‘लस नको’ लिहिलं, ते पोरगं वर्ग चढत गेलं तसं ते दोन शब्दही चढत गेले. औषध कधीच बंद झालं होतं! म्हणून चिठ्ठी हातात आली की मी तीनच गोष्टी बघते: कोणती लस, कशामुळे, कधीपर्यंत. यातली एक जरी राहिली असेल तर चिठ्ठी परत. नव्याने रुजू झालेले काही डॉक्टर दारातली कटकट टाळायला ‘सर्व लसी वर्ज्य’ असं घाईत खरडून देतात, त्यांनाही मी हेच तोंडावर सांगते.

सूट मिळण्याची खरी कारणंही आहेत, ती लपवूही नका. मागच्या डोसनंतर काही मिनिटांत अंगभर गांधी उठणं, श्वास अडकणं, बेशुद्धी असं झालं असेल तर शाळेत ती लस पुन्हा टोचायची नाही, थेट मोठ्या डॉक्टरांकडे. कॅन्सरची केमोथेरपी सुरू असेल तर जिवंत लसी बंद. डीपीटीनंतर सात दिवसांत मेंदूवर गंभीर परिणाम झाला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर डांग्या खोकल्याचा भाग असलेली लस पुन्हा नाही. धनुर्वात-घटसर्पाचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, ते आपोआप रद्द होत नाही. तापात कधीतरी झटका आला होता, एवढ्यावर मात्र सूट मिळत नाही.

मोबाईलवरचे अमेरिकेचे व्हिडिओ मला दाखवू नका. तिथे शाळेत प्रवेश मिळायला लस लागते, म्हणून सूट मिळवण्याचा एवढा बोभाटा. कॅलिफोर्नियाने 2015 मध्ये वैयक्तिक मतावरची सूट काढली, तर डॉक्टरांच्या सूट-चिठ्ठ्या वाढल्या, मग 2019 मध्ये त्यांचीही छाननी करणारा कायदा आणावा लागला. चिठ्ठीबहाद्दर तिकडेही आहेत.

खरी चिठ्ठी असेल तर झेरॉक्स काढून लसीच्या कार्डाला पिन मारून ठेवा, एक प्रत गुरुजींना द्या आणि दर वर्षी शाळा सुरू होताना ती डॉक्टरांना पुन्हा दाखवा.