कुत्र्या-मांजराला फिट आली तर काय करावं?

कुत्रा एकाएकी आडवा पडतो, अंग ताठ होतं, पाय झाडू लागतो, तोंडाला फेस येतो, जागीच लघवी होते. मग घरात कुणी कांदा शोधतं, कुणी चप्पल नाकाशी धरतं, कुणी दातांत चमचा घालायला धावतं. यातलं काहीही करू नका.

आधी घड्याळ बघा. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते, पण घाबरलेल्या माणसाला तेवढा वेळही दहा मिनिटांचा वाटतो. दुसऱ्या कुणाला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. ही फिट होती की हृदयाच्या दुखण्याने आलेली चक्कर, हे डॉक्टरांना त्यावरून बरंच कळतं. चक्कर आलेला कुत्रा बहुधा ढिला पडतो आणि लगेच सावरतो.

मग आजूबाजूचं फर्निचर सरकवा, जिन्याच्या तोंडाशी आडवे बसा, डोक्याखाली घडी केलेली चादर सरकवा. घरातला दुसरा कुत्रा बाहेर न्या; तो कधीकधी अंगावर धावून जातो. पाय धरून दाबू नका. जीभ गिळली जाईल ही भीती खोटी आहे, तोंडात घातलेल्या बोटांना चावा मात्र खरा बसतो. फिट लांबली तर अंग तापतं, म्हणून पंखा लावा आणि ओल्या फडक्याने पंजे-पोट पुसा. बर्फ नको. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी, दूध, गोळी काहीच पाजू नका.

फिट थांबल्यावर काही मिनिटं, कधी काही तास, तो भिंतीला धडकेल, गोल फिरेल, तुम्हाला ओळखणारही नाही. अशा वेळी लाडाने तोंड जवळ नेऊ नका.

फिट ५ मिनिटांपेक्षा लांबली, २४ तासांत दुसरी आली, किंवा दोन फिटच्या मध्ये शुद्धच आली नाही, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. विषबाधेचा संशय असेल किंवा छोटं पिल्लू असेल, तरी थांबू नका. पिल्लांना उपाशीपोटी साखर उतरूनही फिट येते. आयुष्यातली पहिलीच फिट असेल तर थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. जनावराला रेबीजची लस नसेल आणि अलीकडे वागणं बदललं असेल, तर लाळेला हात लावू नका. लाळ जखमेला लागलीच, तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि माणसांच्या डॉक्टरांकडे जा. लस न दिलेल्या कुत्र्यांत डिस्टेंपर या विषाणूच्या आजारानेही झटके येतात.

६ महिने ते ६ वर्षं वयात सुरू झालेल्या आणि तपासण्यांत काहीच न सापडणाऱ्या फिट म्हणजे बहुधा कुत्र्याची आनुवंशिक मिरगी. मांजराचं तसं नसतं, तिथे मागे काहीतरी कारण असण्याची शक्यता जास्त. शिवाय मांजराची फिट पटकन ओळखू येत नाही: नुसता अर्धा चेहरा फडफडतो, लाळ गळते, नजर थिजते. कुत्र्याचं गोचिडांचं औषध मांजराला लावणं हे तर हमखास दिसणारं कारण. अशा अनेक औषधांतलं परमेथ्रिन मांजराला विषासारखं असतं. लावलंच असेल तर बाटली घेऊनच दवाखान्यात जा.

फिट वारंवार येत असतील तर डॉक्टर बहुतेकदा फेनोबार्बिटोन सुरू करतात, दर १२ तासांनी. रक्तातलं प्रमाण स्थिर व्हायला दोनेक आठवडे लागतात. सुरुवातीला कुत्रा झिंगल्यासारखा चालतो, पाणी खूप पितो, सतत खायला मागतो. ‘औषध सोसत नाही’ म्हणून लोक इथेच गोळ्या बंद करतात आणि एकदम बंद केल्यानेच जोराची फिट येते. डोस कमी-जास्त करायचा तो डॉक्टरांनीच. रक्तातल्या औषधाची आणि यकृताची तपासणी ठरल्या वेळी करून घ्या. कुत्र्याला दिलेलं फिटचं दुसरं औषध, पोटॅशियम ब्रोमाइड, घरातल्या मांजराला कधीच देऊ नका, त्याने फुप्फुसं बिघडू शकतात.

फिट पूर्ण बंद होतीलच असं नाही; त्या विरळ आणि सौम्य झाल्या तरी औषध लागू पडलं म्हणायचं. हे कळावं म्हणून कॅलेंडरवरच तारीख, वेळ, किती मिनिटं आणि चुकलेली गोळी लिहून ठेवा. गणपतीला गावी जाताना गोळ्या मोजून, दोन-चार दिवसांच्या जास्तीच्या घ्या आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. चिठ्ठीशिवाय फेनोबार्बिटोन मेडिकलवाले देत नाहीत.